लाल छातीचा माशीमार की तैगा माशीमार? गळ्यावर लाली नसताना ओळख कशी पटवावी

ओढ्याकाठी (पुणे), १३ जानेवारी

नमस्कार. परवा सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीच्या वरच्या अंगाला ओढ्यालगतच्या झाडीत एक लहानसा माशीमार दिसला. त्याच्या ओळखीवरून आमच्या चौघांत मतभेद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

पक्षी चिमणीपेक्षाही लहान, अंदाजे ११ ते १२ सेंटीमीटर लांबीचा. पाठ करडी-तपकिरी, पोट मळकट पांढरे, डोळ्याभोवती फिकट कडे. गळ्यावर लालीचा मागमूसही नाही. शेपटी काळी असून तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे आहेत. करंजाच्या एका वाळक्या फांदीवर तो बसे, पंख किंचित खाली सोडून शेपटी झटक्याने वर उचले, खालच्या ओल्या पाचोळ्यावर उतरून काहीतरी टिपे आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसे.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की गळा पांढरा आहे, लाली नाही, म्हणजे हा तैगा माशीमार. दुसऱ्याचे म्हणणे असे की पुण्यात येतो तो लाल छातीचाच, म्हणून हाही तोच. मला दोन्ही कारणे अपुरी वाटतात. माद्यांना आणि कोवळ्या नरांना लाली नसतेच, त्यामुळे पहिले कारण टिकत नाही. आणि ‘इथे तोच येतो’ असे गृहीत धरून सगळ्यांनी नोंदी केल्या, तर दुसरा इथे कधी आला हे कळायचे कसे?

चार छायाचित्रे जोडली आहेत. दुसरे पाठमोरे आहे आणि तिसऱ्यात चोच जवळून दिसते. जाणकारांनी केवळ नाव न सांगता नाव कशावरून ठरवले तेही लिहावे, ही विनंती.

पळसवन (नागपूर), १३ जानेवारी

प्रश्न अगदी योग्य ठिकाणी नेऊन ठेवला आहे. थोडे विस्ताराने लिहितो.

शेपटीच्या मुळाशी पांढरे पट्टे दिसले, तेव्हाच निम्मे काम झाले. तपकिरी माशीमार किंवा टिकेलच्या निळ्या माशीमाराची मादी यांच्या शेपटीत असा पांढरा रंग नसतो. काळी शेपटी, तिच्या दोन्ही कडांना मुळाशी पांढरा पट्टा आणि ती सतत वर उचलण्याची लकब, एवढे दिसले की आपण या दोघांच्या जोडीपर्यंत येऊन पोहोचतो. (निलगिरीत किंवा श्रीलंकेत असता तर काश्मिरी माशीमाराचाही विचार करावा लागला असता, कारण त्याचा हिवाळा मुख्यतः तिकडे जातो.) खरी कसोटी यानंतर सुरू होते.

दोघांतला सर्वांत भरवशाचा फरक गळ्यावर नसून पाठीमागे आहे. शेपटीच्या मुळावर वरच्या बाजूने जी छोटी पिसे शेपटीला झाकतात, त्यांतली सर्वांत लांब पिसे पाहावीत. तैगा माशीमारात ही पिसे कोळशासारखी काळी असतात, खुद्द शेपटीइतकी किंवा तिच्याहूनही गडद. लाल छातीच्या माशीमारात ती तपकिरी-करड्यापासून काळपट रंगापर्यंत कशीही असू शकतात, पण शेपटीपेक्षा गडद कधी नसतात आणि बहुधा शेपटीहून स्पष्टपणे फिकट दिसतात. इथे अनेकांची गफलत होते. लाल छातीच्या प्रौढ नराची ही पिसे पुष्कळदा बरीच काळसर असतात आणि पाहणारा ‘काळी दिसली’ एवढ्यावर तैगा लिहून मोकळा होतो. पिसे काळी आहेत का, असे विचारून भागत नाही. शेजारच्या शेपटीशी ताडून पाहता ती कमी काळी आहेत की जास्त, असे विचारावे लागते.

दुसरी खूण चोचीची. लाल छातीच्या माशीमाराची खालची चोच मुळाकडच्या भागात फिकट, पिवळट किंवा गुलाबीसर असते. तैगाची चोच जवळजवळ संपूर्ण काळी असते. फार तर अगदी मुळाशी, खालच्या बाजूने किंचित फिकटपणा असतो आणि तो बाजूने पाहताना सहसा जाणवत नाही.

तुमच्या दुसऱ्या छायाचित्रात शेपटीवरची पिसे मला गडद तपकिरी दिसतात आणि शेपटी त्यांच्याहून काळी आहे. तिसऱ्यात खालच्या चोचीचा मुळाकडचा जवळपास निम्मा भाग पिवळट आहे. माझा कल लाल छातीच्या माशीमाराकडे आहे. पंखावरच्या मोठ्या आच्छादक पिसांच्या टोकांना बदामी ठिपक्यांची ओळही दिसते. ती दोन्ही जातींच्या कोवळ्या पक्ष्यांत असते, त्यामुळे जात ठरवायला तिचा उपयोग नाही. पण हा पक्षी गेल्या उन्हाळ्यात जन्मलेला आहे, एवढे तिच्यावरून कळते.

सह्यकडा (मुंबई), १४ जानेवारी

पळसवन यांनी लिहिलेले पटते, पण प्रकाशाबद्दल एक सावधगिरी सुचवतो. मी कर्नाळ्याला हे पक्षी अनेक हिवाळे पाहत आलो आहे. तिथल्या दाट सावलीत पाठमोऱ्या पक्ष्याची शेपटीवरची पिसे हमखास काळी भासतात. शेपटीच्या कडेचे पांढरे पट्टे डोळ्यांत भरतात आणि त्यांच्या शेजारचे सगळेच जास्त गडद वाटू लागते. समोरून ऊन असेल तर अधिकच. छायाचित्र संगणकावर उजळ-गडद करून पाहणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण गडदपणा वाढवला की तपकिरीचे काळे व्हायला वेळ लागत नाही. तुलना त्याच चौकटीतल्या, त्याच उजेडातल्या शेपटीच्या मधल्या पिसांशीच व्हायला हवी. ओढ्याकाठच्या पक्ष्याच्या दुसऱ्या छायाचित्रात दोन्हींवर सारखाच उजेड आहे, म्हणून ते छायाचित्र मी ग्राह्य धरतो.

गळ्याच्या आणि छातीच्या रंगछटेबद्दलही बोलले जाते. लाल छातीच्या माशीमाराच्या छातीवर उबदार बदामी झाक असते, तर तैगाची छाती थंड करडी असून तिच्यावर गळा अधिक पांढरा उठून दिसतो. हा फरक खरा आहे. पण सकाळच्या पिवळ्या उन्हात तो नाहीसा होतो आणि हिरव्या पानांखाली उलट दिशेने फसवतो. तुमच्या सोबत्याचे मत त्यावरूनच बनले असणार. मी ही खूण शेवटी विचारात घेतो.

ब्रह्मपुत्रेकाठी (गुवाहाटी), १४ जानेवारी

मी नोकरीनिमित्त बारा वर्षे आसामात आहे आणि इथे माझा अनुभव तुमच्या उलट आहे. इथल्या बागांत, चहामळ्यांच्या कडेच्या झाडीत, घरामागच्या बांबूच्या बेटात हिवाळाभर वावरतो तो तैगा. लाल छातीचा इथे क्वचित आढळतो आणि त्याची नोंद करायची तर मला पुरावा जमवावा लागतो. त्यामुळे तुमच्याकडे ज्याला दुर्मीळ मानतात त्याची खोड मला रोजच्या पाहण्यातून ठाऊक झाली आहे.

दोघे वीण करतात ते प्रदेश लक्षात घेतले की हे कोडे उलगडते. लाल छातीचा माशीमार मध्य युरोपापासून उरल पर्वताच्या आसपासपर्यंत वीण करतो, तर तैगा तिथून पूर्वेला सायबेरिया ओलांडून थेट कामचात्कापर्यंत. हिवाळ्यात पहिला मुख्यतः भारतीय उपखंडात उतरतो. दुसरा आग्नेय आशियात, दक्षिण चीनमध्ये आणि ईशान्य व पूर्व भारतात. म्हणून भारतात पूर्वेकडे सरकत जावे तशी तैगाची शक्यता वाढते. पण शक्यता म्हणजे ओळख नव्हे, हे ओढ्याकाठी यांचे म्हणणे मी अधोरेखित करतो.

आता आवाज. दोघेही ‘टर्रर्र’ असा आवाज काढतात आणि अनेकजण त्यावरच थांबतात. लाल छातीच्या माशीमाराचा टर्रकार संथ असतो. फणीच्या दात्यांवरून सावकाश नख फिरवावे, तसे त्यातले एकेक टिपूर (म्हणजे सुटा ठोका) कानाला वेगळे लागते. तैगाचा टर्रकार अधिक जलद आणि कोरडा असतो. टिपूर टिपुराला चिकटते आणि ऐकणाऱ्याला वाटते की झाडीत एखादा किडा किरकिरला. नवख्या माणसाला दोन्ही आवाज वेगवेगळ्या दिवशी ऐकवले तर कदाचित सारखेच वाटतील. एकापाठोपाठ ऐकवले तर मात्र तो लगेच फरक सांगेल. ओढ्याकाठी, तुमच्या पक्ष्याने आवाज केला होता का?

ओढ्याकाठी (पुणे), १४ जानेवारी

केला होता, पण ओढ्याच्या खळखळाटात नीट ऐकू आला नाही आणि ध्वनिमुद्रण केले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

एक शंका राहते. आमच्यापैकी एकाने विचारले की डिसेंबर-जानेवारीत लाल गळ्याचा पक्षी दिसला तर तो कोणता समजावा? दोघांच्याही नरांना लाली असते, मग लाली दिसल्यावरही हाच घोळ राहतो का?

पळसवन (नागपूर), १५ जानेवारी

लाली दिसली तर घोळ पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण संपत नाही. ती कशी आहे, यापेक्षा ती कोणत्या महिन्यात दिसते हे आधी पाहावे लागते.

लाल छातीच्या माशीमाराचा प्रौढ नर आपली लाली वर्षभर बाळगतो. ती नारिंगी-तांबूस असते आणि गळ्यावरून खाली छातीवर उतरते. तैगाच्या नराचे तसे नाही. विणीचा हंगाम सरल्यावर पिसे बदलताना तो गळ्याची लाली टाकून देतो, हिवाळा मादीसारख्या फिकट रूपात काढतो आणि परतीच्या प्रवासाआधी, वसंतात, पुन्हा लाल होतो. त्याची लाली लहान असते, गळ्यापुरतीच, आणि तिच्या खाली राखाडी पट्टा आडवा येऊन तिला छातीपासून तोडतो. म्हणून ऐन जानेवारीत छातीपर्यंत भरून नारिंगी असलेला नर दिसला, तर तो लाल छातीचा हे मी छातीठोकपणे सांगेन. मार्चच्या अखेरीस लाल ठिपक्याभोवती राखाडी चौकट दिसली, तर तैगाचा विचार आधी करीन.

मधली अडचण कोवळ्या नरांची. लाल छातीच्या माशीमाराचा नर पूर्ण रंगात यायला एकाहून अधिक वर्षे घेतो. त्यामुळे ज्याची लाली अजून गळ्यापुरतीच आहे असा अर्धवट रंगलेला नरही भेटतो आणि वरवर पाहता तो तैगासारखा भासतो. अशा वेळी शेपटीवरची पिसे आणि चोच यांना पर्याय नाही. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

माझा एक अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात नागझिऱ्याच्या तलावाकाठी मला लाली नसलेला एक पक्षी दिसला. तो सारखा तोंड माझ्याकडे करून बसत होता आणि आवाजही करत नव्हता. पाऊण तास थांबूनही शेपटीचे मूळ दिसले नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर या दोन जातींसाठी एकत्र नोंदीची सोय आहे, ती वापरून मी ‘तैगा किंवा लाल छातीचा’ अशी नोंद केली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच काठावर पुन्हा गेलो, तेव्हा अर्जुनाच्या उघड्या मुळावर एक नर बसला होता. गळ्यावर सुपारीएवढा लाल ठिपका, भोवती राखाडी, चोच काळीभोर. तो वळला, पंख खाली सुटले, शेपटी वर गेली आणि त्या क्षणी मुळावरची पिसे शेपटीहून काळी असल्याचे स्वच्छ दिसले. डिसेंबरातला पक्षी हाच होता, असे म्हणायला मला आधार नाही, म्हणून ती जुनी नोंद आजही एकत्रच आहे. ती बदलण्याचा आग्रह मला दोघा मित्रांनी केला, पण मी बदलणार नाही.

बीचवन (जर्मनी), १६ जानेवारी

हा धागा वाचून राहवले नाही. मी मूळची साताऱ्याची, सध्या उत्तर-पूर्व जर्मनीत राहते. तुमचा लाल छातीचा माशीमार आमच्याकडे मे महिन्यात येतो आणि जुन्या बीच वृक्षांच्या अरण्यात, खोडाच्या अर्धवट उघड्या ढोलीत किंवा फुटलेल्या सालीच्या खोबणीत घरटे करतो. इथे त्याला ‘त्स्वेर्गश्नेपर’, म्हणजे ठेंगू माशीमार म्हणतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘पार्वा’ या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘लहान’ असाच आहे. ते नाव बेखश्टाईन या जर्मन निसर्गअभ्यासकाने १७९२ मध्ये दिले. तैगाचे ‘आल्बिसिला’ हे नाव पाल्लास या निसर्गअभ्यासकाने १८११ मध्ये दिले आणि त्याचा अर्थ ‘पांढऱ्या शेपटीचा’ असा होतो. ज्या पांढऱ्या पट्ट्यांवरून हे नाव पडले ते दोघांतही आहेत आणि ज्यावरून तो खरा वेगळा ओळखू येतो ती शेपटीवरची काळी पिसे आहेत, याचे मला फार नवल वाटते.

युरोपातले बहुतेक स्थलांतर करणारे कीटकभक्षी पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात. हा एवढासा, जेमतेम १० ग्रॅम वजनाचा पक्षी मात्र आग्नेयेकडे वळतो आणि भारतात येतो. इथल्या पक्षीमित्रांना मी सांगते की तुम्ही याला चार महिने पाहता आणि माझ्या माहेरची माणसे त्याहून जास्त काळ पाहतात.

पळसवन यांच्या मुद्द्याला इथून पुष्टी मिळते. इथे वसंतात गाणाऱ्या नरांपैकी काहींचा गळा अगदी मादीसारखा फिकट असतो. ते एका वर्षाचे नर असतात. ते गातात, जोडीही जमवतात, पण लाली अजून आलेली नसते. म्हणजे फिकट गळा पाहून ‘मादी’ लिहिणेही चूकच.

सह्यकडा (मुंबई), १६ जानेवारी

बीचवन, ही माहिती फार मोलाची आहे. जुन्या नोंदी चाळणाऱ्यांसाठी एक भर घालतो. सलीम अलींच्या काळातील पुस्तकांत हे दोन्ही पक्षी एकाच जातीचे प्रकार मानले जात. आवाज, पिसे बदलण्याची पद्धत आणि जनुकीय फरक या आधारांवर त्यांना स्वतंत्र जाती मानण्याची रीत या शतकाच्या आरंभी रूढ झाली. त्यामुळे आपल्या आधीच्या पिढीच्या वह्यांत नुसते ‘लाल छातीचा माशीमार’ असे लिहिलेले असेल, तर त्यात दोघांपैकी कोणीही असू शकतो. लिहिणाऱ्यांची त्यात चूक नाही. पण आज त्या वह्यांवरून नकाशे काढताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ओढ्याकाठी पुन्हा जाणार आहेत म्हणून एक विनंती. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. हिवाळ्यातही हे पक्षी आपापला टापू राखून असतात आणि खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावण्यात त्यांची शक्ती खर्च होते. ओळख एक आठवडा उशिरा पटली तरी काही बिघडत नाही.

ओढ्याकाठी (पुणे), २८ जानेवारी

काल पुन्हा गेलो होतो. तैगा म्हणणारे सोबतीही बरोबर होते. पक्षी त्याच करंजावर होता. आवाज वाजवला नाही, ओढ्यापासून थोडे वर, जिथे पाण्याचा आवाज कमी येतो, अशा खडकाआड बसून राहिलो. साडेआठच्या सुमारास खालून एक मुंगूस गेले आणि पक्ष्याने टर्रकार सुरू केला. मोबाईलवर आठ सेकंदांचे ध्वनिमुद्रण मिळाले, ते जोडले आहे. ब्रह्मपुत्रेकाठी यांनी लिहिल्याप्रमाणे फणीवर नख फिरवून पाहिले. आम्हाला तरी तो संथ वाटतो, टिपूर टिपुरापासून सुटे आहे.

त्यानंतर पक्षी आमच्या पुढ्यातल्या दगडावर उतरला आणि पाठ करून बसला. चौघांनीही आळीपाळीने दुर्बिणीतून पाहिले. दोन्ही पंख शेपटीच्या खाली उतरले की मधे बोटाच्या पेराएवढी जागा उघडी पडते. तिथली पिसे मातकट तपकिरी होती आणि ती संपून शेपटी जिथे सुरू होते तिथे काळ्या रंगाची कड रेघ ओढल्यासारखी दिसत होती. सोबत्यांनी आपले मत तिथेच बदलले.

ब्रह्मपुत्रेकाठी (गुवाहाटी), २८ जानेवारी

ध्वनिमुद्रण ऐकले आणि लगोलग माझ्या अंगणातल्या तैगाचे ऐकले. तुमचा निःसंशय संथ आहे. लाल छातीचा माशीमार. माझे ध्वनिमुद्रणही तुलनेसाठी इथे जोडतो. पुढे कुणाला शंका आली तर दोन्ही एकाच धाग्यात सापडतील.

ओढ्याकाठी (पुणे), २९ जानेवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘लाल छातीचा माशीमार, पहिल्या हिवाळ्यातील पक्षी’ अशी नोंद केली आहे आणि तिच्याखाली तिन्ही आधार लिहिले आहेत. माझ्या जुन्या नोंदींपैकी तीन ठिकाणी केवळ गळ्याच्या रंगावरून नाव लिहिलेले आढळले. त्यांची छायाचित्रे समोरून काढलेली आहेत, म्हणून त्या आता एकत्र नोंदीत टाकल्या आहेत.

मार्चअखेर एकदा जाऊन या पक्ष्याच्या गळ्यावर लाली चढते का, ते पाहण्याचा विचार आहे.

पळसवन (नागपूर), २९ जानेवारी

अवश्य जा, पण या पक्ष्याला यंदा लाली बहुधा येणार नाही. तो नर असला तरी फिकट गळ्यानेच परतेल आणि बीचवन यांनी वर्णन केलेल्या एक वर्षाच्या नरांसारखा तिकडे गाईल. मार्चअखेर त्याच करंजावर राखाडी चौकटीतला लाल गळा दिसला, तर तो हा पक्षी नव्हे. त्या वेळी चोच आणि शेपटीचे मूळ नीट पाहून घ्या आणि त्याच दिवशी इथे कळवा.